कानपुरी साइडपुल: बिट नसलेला लगाम, नागपूरच्या घोड्यांसाठी

माल कानपूरचा आहे, एवढंच खात्रीनं सांगता येतं. पट्ट्यावर कारखान्याचा ठसा नाही, पाकिटावर नाव नाही. घोड्यांचं सामान ऑनलाइन विकणाऱ्या दोन-तीन दुकानांत हाच लगाम वेगवेगळ्या फोटोंखाली दिसतो. नागपूरला घरपोच साडेतीन हजारांच्या आसपास पडतो. तोंडात बिट, म्हणजे लोखंडाची दांडी, नाही. नाकावरून रुंद पट्टी, तिच्या दोन्ही बाजूंना कड्या आणि कड्यांना थेट वाद्या. याला साइडपुल म्हणतात.

निकाल आधीच सांगून टाकतो. चामडं चांगलं, शिवण ठीक, हनुवटीच्या पट्ट्याची भोकं चुकीच्या अंतरावर, वाद्या आखूड, आणि काळा रंग मुळीच घेऊ नये. तरीही नवशिक्या स्वारासाठी आणि हातात धरून चालवायच्या घोड्यासाठी या किमतीत याहून सुटसुटीत वस्तू सापडत नाही. आपल्याकडे लगाम घेताना 'पकड कशी आहे' हे विचारायची सवय आहे. विचारायला हवं ते हे की हात सैल केल्यावर लगामाचा दाब किती चटकन उतरतो. पुढचं सगळं परीक्षण याच एका कसोटीवर केलं आहे.

पाकिटात निघतं ते असं: कानामागची पट्टी, कपाळपट्टी, दोन गालपट्ट्या, नाकपट्टी, हनुवटीखालचा पट्टा, गळपट्टी आणि दोन वाद्या. चामडं म्हशीचं, साधारण साडेतीन मिलिमीटर जाड. दुमडलं तर वरच्या बाजूला भेगा दिसत नाहीत आणि कडा घासून गोल केलेल्या आहेत. नाकपट्टी अडीच सेंटिमीटर रुंद, आतून मऊ अस्तर लावलेली. ही रुंदी म्हणजे निव्वळ देखणेपणा नव्हे. तोच जोर एक सेंटिमीटर रुंदीवर आला की हाडावरचा दाब अडीच पट होतो. म्हणूनच बारीक दोरीची, नाकावर गाठी असलेली मोहरकी 'नैसर्गिक पद्धत' म्हणून कुणी विकायला लागलं तर भुलू नये. तोंडात लोखंड नसलं तरी नाकाच्या हाडावर गाठ रुततेच, आणि तिथे कातडीखाली मांस जवळजवळ नसतं.

कड्यांबद्दल विक्रेता 'स्टेनलेस' म्हणतो. चुंबक लावून पाहा. या लगामाच्या कड्यांना ते घट्ट चिकटतं, म्हणजे आत लोखंड आणि वर मुलामा. एका पावसाळ्यात मुलामा फुगतो, सोलतो आणि त्याचे कंगोरे गालाला घासतात. चांगल्या प्रतीच्या स्टेनलेस कडीला चुंबक धरत नाही किंवा जेमतेम धरतं. कडी बदलून घ्यायला चांभार फार पैसे घेत नाही, पण साडेतीन हजारांच्या वस्तूत हे करायला लागू नये.

मापाचा प्रश्न नागपुरात जरा वेगळा आहे. इकडचे बरेच घोडे सारंगखेडा किंवा माळेगावच्या यात्रेतून आलेले, मारवाडी, काठियावाडी किंवा त्यांच्या संकराचे. डोकं लांब आणि अरुंद, कपाळ मात्र रुंद, आणि कान आत वळून टोकाला एकमेकांना भिडणारे. लगामाची मापं पोनी (लहान), कॉब (मधलं) आणि फुल (मोठं) अशी परदेशी घोड्यांवरून ठरलेली. कॉब माप गालाला बरोबर बसतं, पण त्याचीच कपाळपट्टी तोकडी पडते आणि कानामागची पट्टी पुढे ओढते. मग कानाच्या मुळाशी चामड्याची कड घुसते. हे ओळखायचं कसं? लगाम चढवून कपाळपट्टीखालून एक बोट डाव्या कानापासून उजव्या कानापर्यंत न अडकता फिरलं पाहिजे. कानामागे पट्टीची पुढची कड कानाच्या कुर्च्याला टेकता कामा नये. या जातींचे कान सतत फिरत असतात, अर्ध्या वर्तुळापर्यंत वळतात, त्यामुळे घासणं दिवसभर चालतं. लगाम घालताना घोडा डोकं वर फेकतो, 'कान धरू देत नाही' अशी तक्रार असते, तिचं मूळ बऱ्याचदा इथे असतं. ऑर्डर देताना कॉबचा लगाम आणि फुल मापाची कपाळपट्टी अशी जोडी मागा. विक्रेते कुरकुरत का होईना, पाठवतात.

आता नाकपट्टी. सगळं घोडं इथेच पेंड खातं.

डोळ्याखालून नाकाकडे उतरणारी गालाच्या हाडाची धार बोटाला स्पष्ट लागते. ती जिथे संपते तिथून एक-दोन बोटं खाली पट्टीची वरची कड यावी, आणि पट्टीची खालची कड नाकपुडीच्या वरच्या टोकापासून किमान चार बोटं वर राहावी. याहून खाली गेली की पट्टी पातळ हाडावर आणि त्यापुढच्या कुर्च्यावर येते. घोडा तोंडानं श्वास घेत नाही, त्याचा सगळा श्वास नाकातून. तिथे दाब दिला तर तो थांबेलही, पण घुसमटून थांबेल, शिकून नव्हे. फार वर गेली तर गालाच्या धारेवर घासून केस उडतात.

घट्टपणा मोजायची जागा नाकाच्या हाडाच्या बरोबर मधोमध. दोन बोटं तिथे सहज सरकली पाहिजेत. गालाच्या बाजूला बोटं घालून 'बघा, सैल आहे' म्हणण्यात अर्थ नाही, कारण तिथे खळगा असतो आणि पट्टी कितीही आवळली तरी बोट जातं. ही सवय आपल्याकडचीच आहे असंही नाही. युरोपातल्या स्पर्धांमधल्या ७५० घोड्यांच्या नाकपट्ट्या मोजून २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ४४ टक्के घोड्यांच्या नाकपट्टीखाली एक बोटही जात नव्हतं, आणि दोन बोटांची जागा अवघ्या ७ टक्क्यांच्या. अश्वक्रीडेच्या आंतरराष्ट्रीय महासंघानं, म्हणजे एफईआयनं, २०२५ पासून स्पर्धेत नाकपट्टीची जागा मोजायला ठरावीक साधन आणलं, तेही नाकाच्या हाडावरच घालून मोजायचं.

या लगामाचा पहिला दोष इथे उघडा पडतो. हनुवटीखालच्या पट्ट्याला भोकं चार-चार सेंटिमीटरवर पाडलेली आहेत. एका भोकात नाकपट्टी लोंबते, पुढच्या भोकात दोन बोटं जात नाहीत. मधोमध एकेक भोक पाडावं लागतं. खिळा ठोकून पाडू नका, चामडं चिरत जातं. गोल पंच वापरा किंवा चांभाराकडून पाडून घ्या. दुसरा दोष: नाकपट्टी सैल ठेवली आणि एक वादी ओढली की सगळा लगाम डोक्यावर फिरतो, विरुद्ध बाजूची गालपट्टी डोळ्याच्या कोपऱ्यात जाते. मग लोक नाकपट्टी आवळतात आणि मूळ हेतूच बुडतो. यावर खरा उपाय म्हणजे जबड्याच्या गोल भागाखालून जाणारी एक आडवी पट्टी, जी गालपट्ट्यांना मागे धरून ठेवते. या लगामात ती नाही. गळपट्टी आहे, पण ती मूठभर सैलच ठेवायची असते, तिनं हे काम होत नाही. चांभाराकडून अशी पट्टी शिवून घेतली की लगाम फिरणं जवळजवळ थांबतं. शिवायला देताना घोड्याचा जबडा दोरीनं मोजून न्या आणि दोरीत दोन बोटांची सूट ठेवा.

बिट वाईट आणि बिट नसलेलं चांगलं, इतकं सोपं हे नाही. घोड्याच्या पुढच्या दातांच्या आणि दाढांच्या मध्ये हिरडीची रिकामी जागा असते, बिट तिथे आणि जिभेवर बसतं. त्या हाडावर पातळ हिरडीखेरीज काही नाही. फिनलंडमध्ये शर्यतीनंतर लगेच २६१ घोड्यांची तोंडं तपासली, तेव्हा ८४ टक्क्यांमध्ये बिटाच्या जागी ताज्या जखमा निघाल्या, आणि त्यातल्या बऱ्याच बाहेरून दिसत नव्हत्या. त्या शर्यती होत्या, तुमची रविवारची रपेट नव्हे, हे मान्य. पण रक्त दिसलं नाही म्हणजे जखम नाही, हा आपला समज त्यातून मोडतो. उलट, दोन सांध्यांचं साधं स्नॅफल बिट शांत हातात असेल, तर ते हिसके मारणाऱ्या हातातल्या साइडपुलपेक्षा घोड्याला कितीतरी सुसह्य.

बिट नसलेल्या लगामांतही जाती आहेत. हनुवटीखाली वाद्या एकमेकींना छेदून जाणारा प्रकार ऑनलाइन स्वस्तात मिळतो. तो ओढल्यावर डोक्याभोवती सगळीकडून आवळतो आणि सोडल्यावर घर्षणामुळे तसाच अडकून राहतो, घाम आल्यावर तर फारच. आपल्या कसोटीवर तो नापास. लांब दांड्यांचा, साखळी लावलेला हॅकमोर तरफेवर चालतो. हातातला थोडा जोर नाकावर आणि हनुवटीवर अनेक पटींनी वाढून पोहोचतो आणि नवशिक्याच्या हाताला ते कळतही नाही. साइडपुलमध्ये तरफ नाही, जेवढं ओढाल तेवढंच लागतं आणि बोटं उघडली की वजन लगेच उतरतं. नाकपट्टी आणि घोड्याच्या नाकामध्ये त्याच क्षणी हवा दिसते. ही गोष्ट हा लगाम चोख करतो, आणि त्याच्या पुष्कळशा चुका त्यासाठी पोटात घालता येतात.

सोडण्याला एवढं महत्त्व का, हे शिकण्याच्या शास्त्रातून येतं. घोडा दाबातून शिकत नाही, दाब ज्या क्षणी जातो त्या क्षणी तो जे करत होता ते शिकतो. इक्विटेशन सायन्सच्या, म्हणजे घोडेस्वारीच्या शास्त्राच्या, आंतरराष्ट्रीय संस्थेनं, आयएसईएसनं, मांडलेल्या प्रशिक्षणाच्या दहा तत्त्वांचा मोठा भाग याच्याच भोवती फिरतो: एका वेळी एक इशारा, एका इशाऱ्याला एकच अर्थ, आणि उत्तर येताच दाब बंद.

नवीन लगामाची सुरुवात जमिनीवरून करा, खोगिराशिवाय. घोड्याच्या डाव्या खांद्याजवळ उभं राहून कडीजवळची वादी दोन बोटांत धरा आणि त्याच्या छातीच्या दिशेनं हलका दाब द्या, वादीतला झोल निघेल इतकाच. दोन सेकंद थांबा. काही झालं नाही तर दाब सावकाश वाढवा, हिसका न देता. घोड्यानं वजन मागे टाकलं किंवा एक पाय मागे घेतला की बोटं पूर्ण उघडा. अर्धवट सैल करणं चालत नाही. सोडायला सेकंदभरही उशीर झाला तर घोड्यानं मधल्या वेळात दुसरंच काही केलेलं असतं आणि बक्षीस त्याला जातं. तीन ते पाच वेळा करा, मग अर्धा मिनिट नुसतं उभं राहा. काही फेऱ्यांनी तो जोर वाढायच्या आधीच, सुरुवातीच्या हलक्या दाबावर पाय हलवायला लागतो, कारण हलक्यामागून जोराचा येतो हे त्याला कळलेलं असतं. मग एका पावलाची दोन पावलं मागा. दोन्ही बाजूंनी हे नीट आलं की डावं-उजवं वळण, तेही आधी पुढच्या एका पायाच्या बाजूला जाण्यापुरतं. एका बैठकीला दहा-पंधरा मिनिटं पुरेत. स्वार पाठीवर चढायचा तो घोडा हलक्या दाबावर थांबतो, मागे येतो आणि दोन्हीकडे वळतो, एवढं झाल्यावर, आणि तेही आधी कुंपणाच्या आत.

गडबड कुठे होते? घोड्यानं डोकं वर फेकलं म्हणून घाबरून वादी सोडली, की डोकं फेकणंच पक्कं होतं. दुसरी, 'संपर्क ठेवा' म्हणत वादी कायम ताणलेली ठेवली, की घोड्याला तो दाब ऐकूच येईनासा होतो. मग त्याला 'तोंडाचा कडक' म्हणतात आणि आणखी जहाल बिट आणतात. कडकपणा तोंडात नसतो, तो शिकवलेला असतो. तिसरी चूक सगळ्यात जास्त दिसते: टाच आणि लगाम एकदम. पायानं 'चल' आणि हातानं 'थांब'. घोड्यानं काहीही केलं तरी एक दाब उरतोच. काही घोडे मग उसळतात, काही मुकाट होतात आणि मुकाट झालेल्यांना आपण 'सधलेला घोडा' म्हणतो.

खाऊ देऊन शिकवणंही चालतं, आणि साइडपुलबरोबर ते जास्त सोपं जातं, कारण तोंड मोकळं असल्यानं घोडा नीट चावू शकतो. भिजवलेल्या हरभऱ्याचे चार-पाच दाणे पुरतात. गुळाची सवय लावू नका. बरोबर क्षणाला एक ठरलेला आवाज आणि मग दाणे, असं करायचं असेल तर तो आवाज जिभेचा टकटक नको. आपल्याकडे चुचकारणं म्हणजे 'चल' असा अर्थ घोड्याला आधीच माहीत असतो. त्याऐवजी एखादा छोटा शब्द घ्या. दाणे हात लांब करून, घोड्याचं तोंड त्याच्या स्वतःच्या छातीसमोर सरळ राहील असे द्या, म्हणजे खिसे हुंगायची खोड लागत नाही.

लगाम बदलूनही डोकं झटकणं, मागे सरकणं, शेपूट सतत फटकारणं चालूच राहिलं तर दोष लगामावर टाकून मोकळं होऊ नका. स्वार पाठीवर असताना दिसणारी वेदनेची २४ लक्षणं एका पशुवैद्यक संशोधिकेनं यादी करून ठेवली आहेत. त्यांतली आठ किंवा जास्त दिसली तर हाडं-स्नायूंचं दुखणं असण्याची शक्यता मोठी. मग ही कारणं तपासा: दाढांचे काटे, खोगिराचा तुटलेला सांगाडा, नालांचं असमान बसणं, आणि वजन. वजन काढणं सोपं आहे: छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी, भागिले ११,८८०. घेर १६० आणि लांबी १४५ असलेला घोडा ३१२ किलोच्या आसपास निघतो. त्याच्या पाठीवर सगळं मिळून वीस टक्के, म्हणजे ६२ किलोपेक्षा जास्त नको, आणि त्यात खोगीर आलं. सात-आठ किलोचं खोगीर धरलं तर स्वार पंचावन्नचा. दात आणि पाठ तपासायला सेमिनरी हिल्सवरचं नागपूर पशुवैद्यक महाविद्यालय आहेच.

वरातीच्या घोड्याबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण नागपुरात घोडा सगळ्यात जास्त दिसतो तो तिथेच. तोंडात काटेरी बिट, दोन बाजूंना दोन माणसं, समोर डीजे. बिटाच्या आतल्या बाजूचे काटे जिभेत आणि गालात रुततात. ओझी वाहणाऱ्या आणि गाडी ओढणाऱ्या जनावरांसाठीच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांत काटेरी बिटाला सरळ बंदी आहे. त्याच नियमांत दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त, सलग पाच तासांपेक्षा जास्त, आणि तापमान ३७ अंशांपुढे असेल तिथे दुपारी बारा ते तीन काम घेऊ नये असंही आहे. एप्रिल-मेच्या नागपुरात याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको.

वरातीत नवरदेव घोडा चालवत नाही, मोतद्दार चालवतो, तोही जमिनीवरून. म्हणजे साइडपुलसाठी याहून योग्य काम नाही. नाकाच्या कडीला दोर लावला की दिशा मिळते, थांबवता येतं. आडवा येतो तो आवाज. घोड्याचे कान सुमारे ३३ किलोहर्ट्झपर्यंत ऐकतात, माणसाचे वीसपर्यंत. आवाजाची सवय एका रात्रीत स्पीकरपुढे उभं करून लागत नाही. बांधून, पळता न येता भीती सोसायला लावली की घोडा काही वेळानं स्तब्ध होतो, आणि मालक म्हणतो 'घेतली सवय'. त्याचा चेहरा जवळून पाहा: कान ताठ मागे, वरची पापणी आवळलेली, डोळ्यावरचं हाड उठून दिसणारं, जबड्याचा स्नायू टणक, ओठ आवळून हनुवटी पुढे, नाकपुड्या ताणलेल्या. २०१४ मध्ये घोड्याच्या चेहऱ्यावरची वेदना मोजायला जी मोजपट्टी तयार झाली ती याच सहा जागांची. ताणाखालचा चेहराही पुष्कळसा असाच दिसतो.

सवय लावायची रीत संथ आहे. तीसेक मीटरवर छोटा स्पीकर, ढोल-ताशाचं रेकॉर्डिंग अगदी हळू, आणि घोड्यासमोर चारा. तो चघळत राहिला, कान इकडे-तिकडे फिरत राहिले तर ठीक. चघळणं थांबलं, मान वर गेली की आवाज तिथेच ठेवा आणि स्पीकर लांब न्या. तो पुन्हा खायला लागेपर्यंत थांबा. पुढच्या वेळी एक तर आवाज वाढवा किंवा अंतर कमी करा, दोन्ही एकदम नाही. फटाक्यांसाठी हे पुरत नाही. फटाके घोड्यापासून लांब लावा, दुसरा इलाज नाही. आणि स्पष्टच सांगतो: ज्या घोड्यानं आवाजाला असा सराव केलेला नाही, त्याला साइडपुल घालून थेट वरातीत नेऊ नका. बिट काढल्यानं भीती जात नाही, आणि गर्दीत घोडा उधळला तर माणसं चिरडतात.

हवामानाकडे येऊ. मे महिन्यात उन्हात टांगलेल्या लगामाच्या कड्या चटका देतात, घालण्याआधी ओल्या फडक्यानं पुसा. पण घोड्याच्या दृष्टीनं खरी कसोटी जुलै ते सप्टेंबर. तापमान फॅरनहाइटमध्ये आणि आर्द्रता टक्क्यांत घेऊन बेरीज करायची ढोबळ पद्धत आहे: १३० च्या आत बरं, १५० च्या पुढे घाम सुकेनासा होतो, १८० ला काम बंद. मेमध्ये ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता म्हणजे बेरीज १२६, आणि जुलैत ३१ अंश, ८५ टक्के म्हणजे १७३. मेच्या उन्हाला ही बेरीज कमी लेखते, सूर्याची धग तिच्यात धरलेली नाही, तेव्हा मेची दुपार सुरक्षित समजू नका. पण पावसाळी दमटपणा आपण 'गार हवा' समजून सोडून देतो, ती चूक ही बेरीज दाखवते. कामानंतर घोडा धापा टाकत असेल तर अंगावर सतत गार पाणी ओता, ओतत राहा. गार पाण्यानं गोळे येतात हा जुना समज आहे.

घामाचा दुसरा परिणाम रंगावर. काळ्या रंगाचा लगाम नुकऱ्याच्या, म्हणजे पांढऱ्या घोड्याच्या, नाकावर पहिल्याच आठवड्यात निळसर पट्टा सोडतो. नुकऱ्याची कातडी गुलाबी, आधीच उन्हानं सोलणारी, तिच्यावर हा रंग बसला की खाज आणि पुरळ. तपकिरी नगाचा रंग तुलनेनं कमी सुटतो. तरी पहिल्या वापराआधी ओल्या पांढऱ्या फडक्यानं अस्तर घासून पाहा आणि फडक्यावर रंग येईनासा होईपर्यंत पुसत राहा.

देखभाल फार नाही. वापरल्यावर ओल्या फडक्यानं घाम पुसा, आठवड्यातून एकदा ग्लिसरीनच्या साबणानं, आणि सावलीत वाळवा. खोबरेल थापायचा मोह टाळा. जास्त तेलानं चामडं लिबलिबीत होऊन ताणतं आणि शिवणीचा दोरा कुजतो. पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत बंद केला की आठ दिवसांत पांढरी बुरशी. उघड्या हवेत, भिंतीपासून दूर टांगा. दर महिन्याला नाकपट्टीच्या कड्यांजवळची शिवण नखानं ओढून पाहा. तुटलीच तर तिथेच तुटते, आणि धावत्या घोड्यावर तुटलेली वादी म्हणजे काय ते स्वाराला माहीत असतं.

वाद्यांबद्दल एक ओळ: सव्वा मीटरच्या आहेत, मान खाली घालणाऱ्या घोड्याला अपुऱ्या, आणि घामानं निसरड्या. कापसाच्या जाड पट्टीच्या दीड मीटरच्या वाद्या वेगळ्या घ्या.

घेऊ नये कुणी? ज्यांचा घोडा बिटावरही थांबत नाही आणि ज्यांना तो रस्त्यावरच चालवायचा आहे, त्यांनी. ज्यांना स्पर्धेत उतरायचं आहे त्यांनी आधी त्या स्पर्धेचे नियम पाहावेत, ड्रेसाजमध्ये, म्हणजे ठरावीक हालचालींच्या घोडेस्वारी स्पर्धेत, बिट नसलेला लगाम सहसा चालत नाही. आणि ज्यांचं बजेट हजारच्या आत आहे, त्यांनी चांगली रुंद चामडी मोहरकी घेऊन तिच्या नाकपट्टीला दोन्ही बाजूंनी स्टेनलेस कड्या शिवून घ्याव्यात. काम तेच होतं, दिसायला गावठी.

घेणार असाल तर विक्रेत्याला व्हॉट्सॲपवर एवढं लिहून पाठवा: कॉब माप, कपाळपट्टी फुल, तपकिरी रंग, हनुवटीच्या पट्ट्याला दोन-दोन सेंटिमीटरवर भोकं, जबड्याखालची जादा पट्टी, कड्या स्टेनलेस, वाद्या नकोत. जादा पट्टी आणि कड्यांचे चार-पाचशे वाढवून मागतील, वाद्यांचे तेवढेच वजा करायला सांगा.